खिळे, वेळ आणि सात सह्या

निवडणुकीच्या दिवसांत कराडजवळच्या मलकापुरात घराच्या दारात पत्रक येऊन पडते. वाचणारा उमेदवाराचा फोटो पाहतो, चिन्ह पाहतो, आश्वासने वाचतो. पत्रकाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते. तिच्यात मुद्रकाचे नाव आणि पत्ता असतो. ही ओळ हौसेने छापलेली नसते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार ती छापावीच लागते. ती गाळली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुस्तकांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी तर असाच नियम १८६७ पासून होता.

म्हणजे छापणारा कोण हे सरकारला दीडशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. फक्त हे ‘छापणारा’ म्हणून नोंदलेले नाव मालकाचे असते. मशीनवर उभा राहणारा, अक्षरे जुळवणारा, पुठ्ठा चिकटवणारा माणूस त्या ओळीत कधीच येत नाही.

यातून एक कोडे उभे राहते. मलकापूरपासून काही मैलांच्या आत साखर कारखाने आहेत. रेठऱ्याचा ‘कृष्णा’ आहे, यशवंतनगरचा ‘सह्याद्री’ आहे. साखर कामगारांच्या संघटना आहेत आणि राज्य पातळीवर कारखानदार, कामगार व सरकार यांच्या त्रिपक्षीय समितीत त्यांचे पगार ठरतात. त्याच तालुक्यात बिलबुके, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि फ्लेक्स छापणाऱ्या कामगाराची संघटना मात्र सहसा दिसत नाही. वास्तविक, जगात सर्वांत आधी संघटित झालेल्या कामगारांत छापखान्याचे कामगार येतात. मग जो धंदा सर्वांत पुढे होता तोच तालुक्याच्या गावात इतका मागे कसा राहिला?

सर्वांत आधी तेच का?

फ्रान्समधल्या लियों शहरात १५३९ साली छापखान्यातील कारागिरांनी संप केला. मालकाकडून मिळणारे जेवण निकृष्ट होते आणि शिकाऊ मुलांची भरती अतोनात होत होती, ही त्यांची तक्रार होती. लंडनच्या कंपोझिटरांनी, म्हणजे अक्षरे जुळवणाऱ्या कारागिरांनी, १७८५ साली मालकांकडून कामाचे ठरावीक दरपत्रक मान्य करून घेतले. टोरांटोत १८७२ साली नऊ तासांच्या दिवसासाठी छापखाने बंद पडले. त्या संपानंतर कॅनडात कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली.

भारतातही हेच दिसते. १९०५ च्या सप्टेंबरात, बंगालच्या फाळणीवरून वातावरण तापलेले असताना, कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यांत संप झाला. तक्रारी दंडाच्या होत्या आणि जादा कामाच्या अपुऱ्या मोबदल्याच्या होत्या. पुढच्याच महिन्यात तिथे मुद्रण कामगारांची युनियन स्थापन झाली. आयटक ही देशव्यापी संघटना मुंबईत भरली ती १९२० साली, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी.

याचे एक कारण उघड आहे. कंपोझिटरला वाचता येत असे. एकोणिसाव्या शतकात गिरणीतल्या किंवा बंदरावरच्या बहुसंख्य मजुरांना अक्षरओळख नव्हती. छापखान्यात मात्र निरक्षर माणूस अक्षरे जुळवूच शकत नव्हता. सरकारचे परिपत्रक, वर्तमानपत्रातला अग्रलेख, परदेशातल्या संपाची बातमी, सगळे वाचकाच्या आधी त्याच्या हाताखालून जात असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधू’ चालवला आणि त्याच काळात गिरणी कामगारांची बाजू मांडली. ते लिखाण गिरणीत पोचण्यापूर्वी कुणा जुळाऱ्याने अक्षर-अक्षर उचलून उभे केलेले होते.

पण साक्षरता हे अर्धेच उत्तर आहे. शाळामास्तरही साक्षर होते. उरलेले अर्धे उत्तर कामाच्या स्वरूपात आहे, आणि ते समजायचे तर कंपोझिटरचा हात पाहायला हवा.

खिळ्यांची केस आणि जुळाऱ्याचा हात

शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेला, टोकावर उलटे अक्षर असलेला छोटा तुकडा म्हणजे टाइप. मराठी छापखान्यात त्याला खिळा म्हणत. खिळे ठेवायचा, अनेक खणांचा उथळ लाकडी ट्रे म्हणजे केस. कंपोझिटर केसपुढे उभा राही. डाव्या हातात स्टिक ही धातूची छोटी पट्टीवजा चौकट धरी आणि उजव्या हाताने खणांतून खिळे वेचून तिच्यात लावी. अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते, म्हणून तो ओळ उलटीच वाचायला शिकलेला असे. ओळ भरली की शब्दांमधल्या रिकाम्या जागा कमीजास्त करून ती नेमक्या रुंदीची करायची. बऱ्याच ओळी झाल्या की त्या गॅलीत, म्हणजे लांबट ट्रेमध्ये, उतरवून दोऱ्याने बांधायच्या. प्रूफ काढायचे, चुका चिमट्याने उपटून दुरुस्त करायच्या, पाने चौकटीत पाचरी ठोकून घट्ट बसवायची आणि मग फर्मा मशीनवर चढवायचा.

छपाई झाल्यावरही काम उरतेच. शाई धुऊन प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकावा लागे. याला टाइप सोडणे म्हणत. खिळे मोजकेच असत. ते सोडल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नसे.

देवनागरीत ही मेहनत कितीतरी वाढते. इंग्रजीला वरची आणि खालची अशा दोन केसी पुरतात. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचे शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. कुठला खिळा कुठल्या खणात आहे हे बोटांना पाठ व्हायलाच अनेक महिने जात. औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यात, श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाने वेदांच्या संहिता छापल्या. ऋग्वेदाच्या छपाईत अनुदात्त स्वरासाठी अक्षराखाली आडवी रेघ आणि स्वरितासाठी वर उभी रेघ येते. एकही रेघ सरकली तर पाठ चुकला. खेड्यातल्या छापखान्यात बसून असे काम करणारा कामगार सहजासहजी बदलता येणारा नव्हता.

हे कौशल्य घडायचे कसे याचे मोठे उदाहरण जावजी दादाजी चौधरी यांचे आहे. ते लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टाइप घासण्याच्या कामाला लागले. तिथून शिकत शिकत त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री उभी केली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देवनागरी अक्षरांनी देशभर नाव मिळवले. घासणाऱ्या पोराने मालक होणे ही अपवादाचीच गोष्ट. बाकीचे आयुष्यभर केसपुढे उभे राहिले. ते जे कमावत, त्यात धोकाही होता. केसच्या खणांत शिशाची धूळ साचे, ती हाताला लागे आणि हात न धुता खाल्लेल्या भाकरीबरोबर पोटात जाई. १९४८ च्या कारखाने कायद्यात ज्या व्यावसायिक रोगांची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक केले, त्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती.

मजुरी मोजायची कशाने?

कंपोझिटरला मजुरी द्यायच्या दोन पद्धती. एक महिन्याच्या पगाराची. दुसरी उक्त्या कामाची, म्हणजे जेवढे जुळवाल तेवढे पैसे. उक्त्या पद्धतीत माप अक्षरांच्या जागेचे असे. छापील अक्षराच्या उंचीच्या निम्म्या रुंदीला ‘एन’ म्हणत आणि हजार एनांना अमुक दर ठरत असे.

वरवर पाहता हा हिशेब चोख आहे. भांडण सुरू होते ते हिशेबात न येणाऱ्या वेळेवरून. लेखकाने प्रूफात आयत्या वेळी परिच्छेद बदलला, त्याचे पैसे कोणी द्यायचे? मजकूर यायला उशीर झाला आणि कामगार दोन तास केसपुढे रिकामा थांबला, तर त्या वेळेची किंमत काय? टाइप सोडण्याची मजुरी वेगळी की जुळवण्याच्या दरातच धरलेली? कोष्टके आणि आकड्यांचे काम साध्या मजकुराच्याच दराने करायचे का? लंडनच्या जुन्या दरपत्रकांपासून पुढच्या सगळ्या वाटाघाटींत असले तपशील पानेच्या पाने भरून येतात. बाहेरच्या माणसाला ते क्षुल्लक वाटतात. उक्त्या कामगाराची आठवड्याची कमाई मात्र यांच्यावरच हलत असे. एकट्या माणसाने असा तपशील मालकापुढे मांडला तर ती कुरकुर ठरते. सगळ्यांनी मिळून मांडला तर त्याचे दरपत्रक होते. संघटनेचे पहिले काम हेच होते.

तोडलेला ऊस आणि उद्याचा अंक

आता ताकदीचा प्रश्न. कामगार काम थांबवतो तेव्हा नुकसान दोघांचेही होते. ज्याचे नुकसान लवकर होते तो आधी नमतो. कराड भागातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर वजन घटते आणि साखरेचा उतारा पडतो. म्हणून गाळप हंगामात कारखाना बंद पडणे व्यवस्थापनाला परवडत नाही आणि कामगाराच्या शब्दाला वजन येते. वर्तमानपत्राचा अंक तसाच. सकाळी सहाला तो स्टँडवर गेला नाही तर दहा वाजता त्याला गिऱ्हाईक नसते. जाहिरातीचे पैसे बुडतात आणि वाचक शेजारचे वर्तमानपत्र उचलतो.

म्हणून मुद्रण कामगारांच्या संघटना जिथे घट्ट झाल्या तिथे दोन प्रकारची कामे दिसतात. एक वर्तमानपत्रे, दुसरी सरकारी छापखाने. तिकिटे, गॅझेट, अर्थसंकल्प, नोटा यांनाही तारीख असते. नाशिक रोडला १९२५ साली प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले आणि १९२८ साली नोटांचे मुद्रणालय. एकाच आवारात मोठ्या संख्येने कामगार, उच्च कौशल्य आणि थांबवता न येणारे काम, अशा तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या. तिथली कामगार संघटना आजही नाशिकच्या सार्वजनिक जीवनात वजन राखून आहे.

तालुक्याच्या छापखान्याचे काम मात्र ‘जॉबचे’ असते. पावतीपुस्तक आज झाले नाही तर परवा चालते. लग्नपत्रिका थांबू शकत नाही, पण ती पलीकडच्या गल्लीत छापून मिळते. एका छापखान्यातल्या तीन कामगारांनी काम बंद केले तर मालक अडचणीत येईल, धंदा येणार नाही. काम फक्त शेजारच्या दुकानात जाईल.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण इथे वेगळे उठून दिसते. कारखाना १९१० साली माळावर उभा राहिला आणि १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके महाराष्ट्रभर गेली. शहरापासून दूर असूनही तिथे छपाई हे मोठ्या उद्योगाचे अंग होते, सुट्या दुकानाचे नव्हते. वाईलाही मराठी विश्वकोशाच्या निमित्ताने छपाईचे काम सरकारी आश्रयाने उभे राहिले. सातारा-सांगली पट्ट्यात कसबी कामगारांची कधीच वाण नव्हती. ते एका छपराखाली मोठ्या संख्येने क्वचितच आले, हा फरक आहे.

कायदा डोकी मोजतो

कामगार कायद्याचे दार आकड्याने उघडते. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या संपात संघटनेच्या पुढाऱ्यांवरच कोर्टाने मनाई हुकूम बजावला होता. संघटना करणे हाच दावा लागण्याजोगा अपराध ठरत होता. त्यानंतरच्या प्रयत्नांतून १९२६ चा कामगार संघटना कायदा आला. सात जणांनी सह्या करून अर्ज केला तर संघटनेची नोंदणी होऊ लागली. छापखान्यांच्या दृष्टीने सात हा मोठा आकडा आहे. अनेक छापखान्यांत मालक धरूनही सात माणसे नसतात.

१९४८ च्या कारखाने कायद्यात ‘उत्पादन प्रक्रिया’ म्हणजे काय ते सांगताना टाइप जुळवणे, छपाई आणि पुस्तकबांधणी यांचा नाव घेऊन उल्लेख होता. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट दर, वीस दिवस काम केल्यावर एक दिवस भरपगारी रजा, हे सारे त्या कायद्यात होते. पण वीज वापरणाऱ्या जागेत किमान १० कामगार आणि वीज नसेल तर २० कामगार असतील तरच ती जागा ‘कारखाना’ ठरत असे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले.

चौकट : कोणत्या आकड्याला काय मिळते
७ – संघटनेच्या नोंदणीसाठी किमान सभासद. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या आस्थापनेतील किंवा उद्योगातील १० टक्के अथवा १०० कामगार, यांपैकी जो आकडा लहान तो गाठावा लागतो. पण सातपेक्षा कमी चालत नाहीत.
१० – राज्य कामगार विमा आणि ग्रॅच्युइटी.
२० – भविष्यनिर्वाह निधी.
५० – महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटना होण्यासाठी आस्थापनेतील किमान कर्मचारी. त्यांपैकी ३० टक्के सभासद हवेत.

चार कामगारांचा छापखाना यातल्या जवळपास प्रत्येक पायरीच्या खाली राहतो. त्यात कुणाची लबाडी असेलच असे नाही. छोट्या मालकावर कागदपत्रांचा भार नको, असा हेतू या मर्यादांमागे होता. त्याची किंमत मात्र कामगार मोजतो. मालकाचा धंदा लहान असेल, कामगाराचे म्हातारपण लहान नसते.

वर्तमानपत्रांचा मार्ग निराळा होता. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात ‘पत्रकार’ या व्याख्येत मुद्रितशोधक बसला, त्याच्या शेजारचा कंपोझिटर बसला नाही. १९७४ च्या दुरुस्तीने पत्रकारेतर कर्मचाऱ्यांच्या वेतननिश्चितीची सोय झाली आणि १९८० च्या पालेकर निवाड्यात दोन्ही गट आले. हे सगळे वर्तमानपत्रांच्या आस्थापनांपुरते. लग्नपत्रिका छापणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

शिसे गेले

पालेकर निवाडा आला त्याच दशकात कंपोझिटरचा हात अनावश्यक होऊ लागला. ऑफसेट छपाईत खिळा लागत नाही. पानाची प्रतिमा पातळ धातूच्या पत्र्यावर उतरते, तिथून रबरावर आणि रबरावरून कागदावर. पान संगणकावर तयार होते. पुण्यातच सी-डॅकने भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान विकसित केले आणि ‘श्री-लिपी’सारखी सॉफ्टवेअरे गावोगावच्या डीटीपी सेंटरांत पोचली. ज्या जोडाक्षरांसाठी बोटांना महिनोन्‌महिने शिकवावे लागे, ती आता कळफलकावर उमटू लागली. स्वरांच्या रेघा सरकण्याची भीती संपली, शिशाची धूळ संपली. तब्येतीच्या दृष्टीने हे भलेच झाले.

पण वाटाघाटीची ताकद कौशल्याच्या दुर्मीळपणात होती. ती आटली. जगभर हाच अनुभव आला. रूपर्ट मरडॉकने १९८६ साली लंडनमधील आपल्या वर्तमानपत्रांची छपाई वॉपिंगच्या नव्या संगणकीकृत प्रेसमध्ये हलवली आणि संपावर गेलेल्या साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांना कमी केले. वर्षभर चाललेल्या निदर्शनांनंतरही जुन्या कामगारांना ती कामे परत मिळाली नाहीत. १७८५ पासून दरपत्रके मिळवत आलेला हा वर्ग एका पिढीत संपला.

महाराष्ट्राच्या गावांत असा एकाच दिवशी घाव बसला नाही. खिळ्यांची छपाई करणारे ट्रेडल मशीन आधी आठवड्यातून तीन दिवस चालू लागले, मग फक्त क्रमांक टाकायला आणि पावतीवर छिद्रांची रेघ मारायला. कंपोझिटर बाइंडिंगकडे वळले, काही घरी बसले. त्यांची संघटना नव्हती, म्हणून नुकसानभरपाईची बोलणीही झाली नाहीत. अनेकांना भविष्यनिर्वाह निधी नव्हता, ग्रॅच्युइटी नव्हती. खिळे भंगारात वजनावर गेले. शिशाला निदान भाव मिळाला.

आजच्या फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा हा त्याच धंद्याचा पुढचा कामगार आहे. तो डिझाइन करतो, मशीन चालवतो, फलकाच्या कडेला रिंग मारतो आणि रात्री चौकात फलक बांधायलाही जातो. त्याच्या कामाला मात्र पुन्हा वेळेची धार आली आहे. वाढदिवसाचा फलक वाढदिवसाच्या आदल्या रात्रीच लागतो. निवडणुकीचा प्रचार संपायच्या आत पत्रक वाटले गेले पाहिजे. उसाच्या उदाहरणातली ताकद इथे तत्त्वतः हजर आहे. तिचा उपयोग होत नाही, कारण कामगार एकेका दुकानात एकटे आहेत.

सात जण वेगवेगळ्या दुकानांतले

इथे कायद्यातली एक बारीक सोय महत्त्वाची ठरते. संघटनेच्या नोंदणीसाठी सभासद एकाच दुकानातले असावे लागत नाहीत. ‘आस्थापना किंवा उद्योग’ असे कायद्याचे शब्द आहेत. म्हणजे कराड, मलकापूर आणि आसपासच्या छापखान्यांतले, डीटीपीवरचे, बाइंडिंगचे आणि फ्लेक्सचे कामगार मिळून एक संघटना नोंदवू शकतात. हमाल, बांधकाम मजूर आणि घरकामगार या विखुरलेल्या धंद्यांत महाराष्ट्रात अशाच संघटना उभ्या राहिल्या. तिथे मालकाचे छप्पर एक नव्हते, मागण्या एक होत्या.

दुसरी सोय किमान वेतनाची. महाराष्ट्रात छपाई हा किमान वेतनाच्या अनुसूचीतला उद्योग होता, आणि २०१९ च्या वेतन संहितेने अनुसूचीची अटच काढून किमान वेतन सर्व कामांना लागू केले. ही संहिता इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. किमान वेतनाला कामगारसंख्येची अट नाही. एकच माणूस ठेवलेल्या दुकानालाही ते लागू आहे.

वेतन कमी मिळाले तर तीन वर्षांपर्यंतचा दावा लावता येतो आणि प्राधिकारी फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. तरीही चार माणसांच्या दुकानात रोज मालकाच्या शेजारी बसून काम करणारा कामगार स्वतःच्या नावाने अर्ज करायला धजत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर परत यायचे असते. संहितेने त्यासाठी वाट ठेवली आहे. असा अर्ज कामगार स्वतः करू शकतो, निरीक्षक करू शकतो, आणि ज्या नोंदणीकृत संघटनेचा तो सभासद आहे ती संघटनाही करू शकते.